कोणतं पाणी टाकायचं, कोणतं राखायचं : माशांच्या नोंदी

५ जानेवारी, रविवार

आजपासून वही सुरू. आईला हल्ली तिखट आणि तेलकट सोसत नाही, पण मासा सोडायची तिची तयारी नाही. म्हणून ठरवलं की दोन महिने, जमेल त्या रविवारी एक मासा, पूर्व आणि आग्नेय आशियातल्या साध्या घरगुती पद्धतींनी करायचा. अटी तीनच. वाटण करायचं नाही. शिजवणं एकाच भांड्यात व्हायला हवं. आणि जे बिघडेल ते इथे आकड्यांसकट लिहायचं, नाहीतर पुढच्या खेपेला तीच चूक होते.

पहिला प्रयोग: कँटनी पद्धतीचा अख्खा वाफवलेला मासा. चिनीत याला ‘छिंग-जंग’ म्हणतात. छिंग म्हणजे नितळ, जंग म्हणजे वाफवणं. नावातच अपेक्षा सांगितलेली आहे.

पापलेट, ६०० ग्रॅम. फ्रिजमधून काढून लगेच ताटलीत ठेवलं, वर आल्याच्या चकत्या, तीन मोठे चमचे सोया सॉस. पातेल्यातलं पाणी नुसतं कोमट झालेलं असताना ताटली तिवईवर ठेवली आणि झाकण लावलं. १८ मिनिटं.

शेपटीकडचं मांस कोरडं, दाताखाली भुशासारखं. मानेजवळ मात्र काट्यालगत अजून गुलाबी. ताटलीत बोटभर करडं पाणी साठलेलं, त्यात सोया सॉस मिसळून गेलेला, आणि त्या पाण्याला हिंवस वास. आईने निम्मा खाल्ला आणि म्हणाली, “मासा चांगला होता गं. पाणी वाईट होतं.”

हे वाक्य लिहून ठेवते. मी बिघाड माशात शोधत होते.

८ जानेवारी

त्या पाण्याबद्दल वाचलं. समुद्री माशांच्या पेशींमध्ये ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. त्याला स्वतःचा वास नसतो; खाऱ्या पाण्यात राहताना पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून ते उपयोगी पडतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमेथिलअमाइन करतात आणि आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो बराचसा याचा. हे पाण्यात विरघळतं. आम्लाशी जोडलं गेलं की हवेत उडायचं थांबतं, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. लिंबू आणि व्हिनेगर माशाबरोबर जगभर का दिसतात ते यातून कळतं.

गोड्या पाण्यातल्या माशांत हे द्रव्य फारच कमी. त्यांचा जो चिखलट, ओल्या मातीचा वास असतो तो जिओस्मिन या वेगळ्याच द्रव्याचा. पण आम्लापुढे तेही टिकत नाही.

म्हणजे रविवारी मी वासाचं पाणी ताटलीत जमू दिलं, त्यात सोया सॉस घातला आणि तेच माशावर ओतून वाढलं.

१२ जानेवारी, रविवार

तोच पदार्थ पुन्हा. पापलेट या वेळी ४५० ग्रॅम, सर्वांत जाड जागी साधारण २.५ सेंटिमीटर.

बदल केले ते असे. मासा २० मिनिटं आधी बाहेर काढून ठेवला. पोटातलं काळं अस्तर आणि पाठीच्या काट्यालगतची रक्ताची रेघ नखाने खरवडून काढली. ही रेघ मी नेहमी तशीच सोडत आले होते. मासा आतून-बाहेरून कागदाने टिपून कोरडा केला. दोन्ही बाजूंना जाड भागावर तिरप्या खाचा दिल्या. ताटलीत पातीच्या कांद्याचे चार जाड देठ आडवे ठेवून त्यांवर मासा, म्हणजे खालूनही वाफ फिरते आणि मासा स्वतःच्या पाण्यात बसत नाही. मीठ नाही, सोया नाही. पाण्याला सणसणून उकळी आल्यावरच ताटली आत.

कँटनी आचाऱ्यांचा हिशेब जाडीवर चालतो. २.५ सेंटिमीटरला ८ ते १० मिनिटं, मोठी आच, मध्ये झाकण उघडायचं नाही. मी ८ मिनिटांनी गॅस बंद केला आणि १ मिनिट तसंच राहू दिलं.

नंतर सगळ्यांत महत्त्वाचं. ताटलीत जमलेलं पाणी तिरपं करून पूर्ण ओतून दिलं. वाफवलेलं आलं आणि देठही काढून टाकले, त्यांचं काम संपलं होतं. वर ताजं आलं सुईसारखं बारीक चिरून आणि पातीचा हिरवा भाग. दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल धूर येईपर्यंत तापवून त्यावर ओतलं. चर्र आवाज आला पाहिजे, आला. बाजूने, माशावर नव्हे, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा गरम पाणी आणि अर्धा छोटा चमचा साखर, एकत्र करून.

थर्मामीटर जाड भागात ६२ अंश. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांत माशासाठी ६३ अंश सेल्सियस दिलेले आहेत, आणि ताटली टेबलावर येईपर्यंत तेवढे झाले. माशाच्या स्नायूंमधलं जोड-ऊतक प्राण्यांच्या मांसापेक्षा खूप कमी तापमानाला विरघळतं, म्हणून पाकळ्या इतक्या सहज सुटतात. हेच कारण आहे की मासा मऊ करण्यासाठी जास्त शिजवण्याला अर्थ नाही. तो आधीच मऊ झालेला असतो, पुढे फक्त कोरडा होतो.

आईने ताटलीतला सोयाही भाताबरोबर संपवला.

१४ जानेवारी

सोया सॉस इतका कमी, तरी पुरला कसा, हा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. उत्तर जुनं आहे. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्याच्या रुचकर, भरीव चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात दुसरं द्रव्य सापडलं, इनोसिनेट. पुढे अकिरा कुनिनाका यांनी दाखवलं की ही दोन एकत्र आली की चव बेरजेपेक्षा कितीतरी पट जाणवते.

मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंमधल्या ऊर्जाद्रव्याचं रूपांतर होत इनोसिनेट बनतं. सोया सॉसमध्ये आंबवण्यातून आलेलं ग्लुटामेट भरपूर. मिसो (सोयाबीन आंबवून केलेला जपानी लगदा), फिश सॉस, आंबवलेली काळी सोयाबीन, सगळ्यांचं तेच. या सगळ्या किनाऱ्यांवरच्या स्वयंपाकघरांना रसायनशास्त्राच्या शेकडो वर्षं आधी ही जोडी सापडली होती, याचं मला मनापासून आश्चर्य वाटतं. मसाला वाटायचा नाही ही अट मी घातली तेव्हा काहीतरी कमी पडेल अशी भीती होती. ती आता नाही.

१९ जानेवारी, रविवार

जपानी शिओयाकी. शिओ म्हणजे मीठ, याकी म्हणजे आचेवर भाजलेलं. सामान: मासा आणि मीठ. यापेक्षा साधं काही असू शकत नाही, म्हणूनच तुलना करायची ठरवली.

बांगडे दोन, प्रत्येकी २५० ग्रॅमच्या आसपास. एकाला वजनाच्या २ टक्के, म्हणजे ५ ग्रॅम मीठ दोन्ही बाजूंनी वरून भुरभुरवून ३० मिनिटं फ्रिजमध्ये जाळीवर ठेवला. दुसऱ्याला भाजण्याच्या क्षणी तेवढंच मीठ. दोन्ही ओव्हनच्या वरच्या आचेखाली, एका बाजूने ६ मिनिटं, उलटून ५.

पहिल्या माशावर अर्ध्या तासात पाण्याचे थेंब आले होते. वास घेतला: तोच, ८ तारखेला वाचलेला. टिपून टाकले. भाजल्यावर कातडी फुगली, खरपूस झाली, मधूनमधून सोनेरी. दुसऱ्याची कातडी ओली राहिली, जाळीला चिकटली आणि उलटताना अर्धी तिथेच राहिली. चवीतही फरक होता. पहिल्याचं मीठ आतपर्यंत होतं, दुसऱ्याचं फक्त वर. आग तीच, वेळ तीच. जे घडलं ते आगीच्या आधीच्या ३० मिनिटांत घडलं.

बरोबर किसून पिळलेला पांढरा मुळा आणि लिंबू, जपानमध्ये देतात तसं. तेलकट माशावर मुळा इतका बसतो हे मला माहीत नव्हतं.

बांगड्याबद्दल एक गोष्ट ठळक लिहून ठेवायलाच हवी. बांगडा, ट्यूना, बोनिटो या कुळात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल पुष्कळ असतं. मासा उबेला राहिला की जिवाणू त्यापासून हिस्टामिन तयार करतात, आणि ते शिजवून नष्ट होत नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांध्या उठणं हे त्यामुळे होऊ शकतं. म्हणून मीठ लावलेला मासासुद्धा ओट्यावर ठेवायचा नाही. घरी आणेपर्यंत बर्फ, घरी आल्यावर थेट फ्रिज.

२६ जानेवारी, रविवार

पुन्हा बांगडा, पुन्हा जपान: साबा नो मिसोनी, म्हणजे मिसोत शिजवलेला साबा. साबा बांगड्याच्याच कुळातला, पण अंगाने जास्त चरबीचा.

इथेही पहिलं पाणी टाकायचं असतं, फक्त पद्धत वेगळी. तुकडे चाळणीत ठेवून त्यांवर ८०-९० अंशांचं पाणी ओततात, पृष्ठभाग पांढरट होईपर्यंत, आणि लगेच थंड पाण्यात घालून हलक्या बोटांनी रक्ताच्या गाठी, उरलेले खवले, चिकटा काढतात. याला शिमोफुरी म्हणतात, शब्दशः पडलेलं दहिवर. माशावर खरोखर तसाच पांढरा थर दिसतो. चाळणीखालचं पाणी बघितलं आणि हे सगळं एरवी रश्शात जातं या विचाराने क्षणभर थांबले.

पाणी १५० मिलि, साके (तांदळाची जपानी दारू) ५० मिलि, साखर दीड मोठा चमचा, आणि उकळी आल्यावर मासा कातडी वर करून. नंतर आलं. जपानी स्वयंपाकी सांगतात की माशाची प्रथिनं घट्ट झाल्यावर आलं घातलं तर वास जास्त चांगला मारला जातो. मिसो एकूण अडीच मोठे चमचे. दोन तृतीयांश आधी, उरलेला शेवटी, कारण उकळत राहिला की त्याचा सुगंध जातो. साखर आधी आणि मिसो नंतर हा क्रमही त्यांच्याकडे पक्का आहे: साखर, मीठ, व्हिनेगर, सोया, मिसो, ‘सा-शि-सु-से-सो’ असा वर्णमालेतल्या ओळीवरून पाठ केलेला.

झाकण भांड्याचं नाही, माशावरच टेकणारं. ओतोशिबुता. लाकडाचं असतं, मी बटर पेपर गोल कापून मध्ये भोक पाडलं. रस्सा थोडाच असतो, तो कागदाला लागून मागे फिरतो आणि माशाच्या वरच्या बाजूवर पडत राहतो. मासा उलटायची गरज पडली नाही आणि एकही तुकडा मोडला नाही. १५ मिनिटं.

माझी चूक: मिसो थेट भांड्यात टाकला, त्याच्या गुठळ्या राहिल्या. वाटीत थोड्या रश्शात कालवून मग घालायचा.

२ फेब्रुवारी

आज काही केलं नाही. आणलेल्या माशाचे कल्ले घरी येऊन नीट उघडले तर तपकिरी, डोळे आत गेलेले, पोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. असा मासा आलं आणि सोया घालून झाकता येतो, पण या वहीतल्या पद्धतींना तो चालत नाही. यापुढे कल्ले तिथेच उघडून बघायचे. अंडी उकडली.

९ फेब्रुवारी, रविवार

व्हिएतनामी का खो तो. का म्हणजे मासा, खो म्हणजे आटवून शिजवणं, तो म्हणजे मातीचं खोलगट भांडं. सगळ्या नोंदींत आजची मोठी होणार, कारण आज दोनदा चुकलं.

कॅटफिशचे जाड काप, ५०० ग्रॅम. या माशाला खवले नसतात, कातडीवर बुळबुळीत थर असतो. जाडं मीठ आणि व्हिनेगर चोळून, धुऊन, टिपून घेतले.

पाया म्हणजे जाळलेली साखर, व्हिएतनामीत ‘न्युओक माउ’. न्युओक म्हणजे पाणी, माउ म्हणजे रंग: रंगाचं पाणी. फिश सॉसलाही ते ‘न्युओक माम’च म्हणतात. दोन्हींत पाणी हा शब्द बघून मी थबकले. गेला महिना मी माशाचं पाणी ओतून देत होते, आणि फिश सॉस म्हणजे तर माशाचंच पाणी. अँचोव्हीसारखे लहान मासे आणि मीठ, साधारण तीनास एक, लाकडी पिंपांत वर्षभर दाबून ठेवून जे झरतं ते. त्यातल्या फू क्वोक बेटाच्या फिश सॉसला २०१२ मध्ये युरोपीय संघात भौगोलिक संरक्षण मिळालं. मीठ इतकं असतं की कुजवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. माशाची स्वतःची पाचक द्रव्यं प्रथिनं फोडत जातात, आणि ग्लुटामेट मोकळं होतं. तर पाणी वाईट नसतं. कुठल्या टप्प्याचं पाणी, हा प्रश्न आहे.

पहिली चूक. दोन मोठे चमचे साखर आणि एक चमचा पाणी. साखर मधाच्या रंगाची झाली, गडद तांबूस झाली, मी अजून थांबले, आणि दहा सेकंदांत काळी. कडू. टाकून दिली. गडद चहाच्या रंगाला गॅस बंद करून पाणी घालायला हवं, कारण भांड्यातली उष्णता तिला पुढे नेतच राहते. पाणी घालताना उसळते, चेहरा लांब.

दुसरी चूक मोठी. साखर जमल्यावर लसूण, छोटे कांदे, मासा, ताज्या शहाळ्याचं पाणी २०० मिलि आणि फिश सॉस चार मोठे चमचे. चाखलं तेव्हा बरोबर लागलं. पण हा पदार्थ ४० मिनिटं आटतो! पाणी उडतं, मीठ उडत नाही. शेवटी रस्सा इतका खारट झाला की भात दुप्पट लागला. आटवायच्या पदार्थात मीठ सुरुवातीला नेहमी कमी वाटलं पाहिजे. पुढच्या वेळी अडीच चमचे आणि उरलेलं शेवटी, चाखून.

तरीही रंग अप्रतिम होता. काप चकचकीत, तपकिरी, वर भरडलेली काळी मिरी. आईसाठी मिरी कमी घातली आणि मिरची वगळली. पदार्थ त्यामुळे पडला नाही.

१० फेब्रुवारी

उरलेले दोन काप फ्रिजमधून काढले तर रस्सा खिरीसारखा थिजलेला. कातडी आणि काट्यांमधलं कोलॅजन विरघळून जिलेटिन झालं होतं. थोडं पाणी घालून गरम केलं. कालच्यापेक्षा छान, खारटपणाही माशात जिरून बसला होता. वाफवलेला मासा दुसऱ्या दिवशी नको वाटतो. हा मात्र दुसऱ्या दिवसाचाच.

१६ फेब्रुवारी, रविवार

थाई प्ला नुंग मनाओ. मासा, वाफ, लिंबू. नावात कृती पूर्ण आहे.

१२ जानेवारीच्या नोंदीशी ताडून बघायचं म्हणून मुद्दाम तेवढ्याच वजनाचं पापलेट घेतलं. पोटात गवती चहाच्या ठेचलेल्या कांड्या. या वेळी ताटली खोलगट. ८ मिनिटं, अधिक १.

आणि इथे पाणी टाकत नाहीत. उलट चिकनचा थोडा गरम सूप त्यात मिसळतात. वेगळ्या वाटीत लिंबाचा रस तीन मोठे चमचे, फिश सॉस दोन, साखर एक छोटा चमचा, ठेचलेला लसूण, कोथिंबिरीचे देठ, मिरची (मी अर्धी, बिया काढून). मासा बाहेर आल्यावरच ओतायचं. लिंबाचा रस शिजवला की सुगंध उडतो आणि कडवटपणा येतो.

हे पाणी मी आधी चमच्याने, लिंबाविना चाखलं. थोडा वास होता. लिंबाचं मिश्रण घातल्यावर पुन्हा चाखलं. नव्हता. आम्लाने त्याला बांधून टाकलं. कँटनी ताटलीत आम्ल नाही, म्हणून तिथे पाणी ओतून द्यावं लागतं. थाई ताटलीत आहे, म्हणून तेच पाणी सूप होतं. असं कुठे लिहिलेलं मी वाचलं नाही, पण दोन ताटल्या आणि एक चमचा यांवरून माझं हे मत बनलं आहे. आईचं ५ जानेवारीचं वाक्य तिला वाचून दाखवलं. ती वाटीने सूप पीत होती. “आता पाणीच चांगलंय,” म्हणाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

कोरियन गोदुंगओ जोरिम, मुळ्यावर शिजवलेला बांगडा. थोडक्यात. तुकडे २० मिनिटं तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवले (तिथली जुनी सवय, स्टार्च वास धरून ठेवतो), मग टिपले. भांड्याच्या तळाशी मुळ्याच्या बोटभर जाड चकत्या, वर मासा, सोया, लसूण, आलं, कोरियन मिरचीची भरड फक्त अर्धा चमचा. मुळा शिजायला माशापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून तो एकटा १० मिनिटं आधी. तळाला मासा लागत नाही, आणि सगळा रस मुळ्यात उतरतो. आम्ही दोघींनी मुळा आधी संपवला. यात शिकण्यासारखं नवं थोडं, पण खाण्यासारखं भरपूर.

२ मार्च, रविवार

शेवटचा रविवार आणि परत पहिला पदार्थ. या वेळी मासा आईने वाफवायचा, मी नुसती वही धरून उभी.

पापलेट ६०० ग्रॅम, पहिल्या दिवसाएवढंच. जाडी ३ सेंटिमीटरच्या जवळ. तिने रक्ताची रेघ माझ्यापेक्षा स्वच्छ काढली, चमच्याच्या टोकाने. पाणी उकळल्यावर ताटली आत, १० मिनिटं, गॅस बंद, १ मिनिट. ताटली तिरपी करून पाणी ओतलं, तेही न सांगता. तेल तिच्या हातून जरा लवकर उतरलं, चर्र आवाज हलका आला. पात थोडी कच्ची राहिली.

वाढताना मासा उलटला नाही. दक्षिण चीनच्या कोळी वस्त्यांमध्ये मासा उलटणं म्हणजे होडी उलटणं मानतात. वरची बाजू संपली की पाठीचा काटा शेपटीकडून उचलून बाजूला ठेवायचा. आईने उचलला. अखंड निघाला. शेपटीपासून मध्यापर्यंत साफ, मानेजवळ बोटाच्या पेराएवढं मांस काट्याला धरून होतं, पारदर्शक नव्हे पण सुटलेलंही नव्हे. थर्मामीटर तिथे ५९.

६०० ग्रॅमला पुढच्या वेळी ११ मिनिटं, आणि मानेजवळची खाच अधिक खोल.